खोळीतली बंदूक

संस्कृतीला वक्तृत्व स्पर्धेत विषय मिळाला होता, 'युरोपने मित्राच्या अणुबॉम्बवर विसंबून राहावे का?' आता सांगा, कोल्हारच्या शिवारात उसाला पाणी देणाऱ्या घरातल्या पोरीला हा विषय! मी म्हटलं, त्यापेक्षा पाटपाण्यावर बोल. पण ऐकेल तर शपथ. माझीच नात, हट्ट कुठून आला ते काय शोधायचं!

आठ दिवस ती मोबाईलवर वाचायची आणि जेवताना मला सांगायची. अमेरिकेकडे बॉम्ब आहे, फ्रान्सकडे आहे, इंग्लंडकडे आहे. जर्मनीकडे नाही, पोलंडकडे नाही. इतकी वर्षं अमेरिका सांगत आली, तुमच्यावर हात टाकला तो आमच्यावर टाकला. आता तिकडच्या लोकांना शंका यायला लागली. उद्या खरंच रशिया अंगावर आला, तर अमेरिका स्वतःची शहरं पणाला लावून आपल्यासाठी उठेल का? कुणी म्हणतं, मग फ्रान्सलाच पुढे करू. कुणी म्हणतं, आपली सोय आपण बघू.

"आबा, बॉम्ब टाकायचा नसतोच," ती म्हणाली. "तो आहे, आणि मालक वेळेला काढेल, एवढं समोरच्याला वाटलं की काम झालं."

मी हातातला घास ताटात ठेवला. पाणी प्यालो आणि तिला म्हटलं, जेवताना बडबड नको.

त्याचं कारण भिंतीवर खुंटीला लटकत होतं. मी आधी फौजेत होतो, मग शिर्डीला एका बँकेच्या दारात पंधरा वर्षं उभा राहिलो, स्वतःची बारा बोअरची बंदूक घेऊन. रिटायर होऊन वस्तीवर आलो तेव्हा बंदूकही आली. आमची वस्ती म्हणजे चार घरं आणि चहूबाजूंनी ऊस. सहा वर्षांपूर्वी बिबट्यानं शेजारच्या मालनबाईची शेळी दावणीवरून उचलली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधावर उभा राहून हवेत दोन बार काढले. पुन्हा जनावर इकडं फिरकलं नाही. ते बारामुळं गेलं की शेजारच्या शिवारात ऊसतोड लागली म्हणून, देव जाणे. पण चारी घरांनी ठरवून टाकलं, सूर्यभानची बंदूक आहे, घोर नाही. मालनबाई मला राखी बांधते. त्या वर्षी बांधताना म्हणाली, दादा, आता मला कशाची भीती न्हाई. मीही छाती फुगवली, खोटं कशाला बोलू.

मग मागची निवडणूक आली. हत्यारं ठाण्यात जमा करा, असा हुकूम निघाला. तो दर निवडणुकीला निघतो. मी जमा केली, पावती घेतली. परत आणायला गेलो तर लायसनची मुदत संपलेली, आणि नव्यासाठी डॉक्टरचा दाखला पाहिजे. डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यात धरलाय. म्हणाला, आबा, आधी रस्ता ओलांडायचं बघा.

ऑपरेशनची मला भीती वाटते. फौजेतला माणूस डोळ्याच्या सुईला भितो, हे कुणाला सांगणार? घरी आलो, तर खुंटीवर रिकामी खोळ मेंगळटासारखी लोंबत होती. पाण्याच्या मोटारीच्या पाइपाचा तुकडा मापात कापला आणि घरात कुणी नसताना आत सरकवला. म्हटलं, ऑपरेशन होईपर्यंत. त्याला आता दीड वर्ष झालं.

यंदा उन्हाळ्यात पाटाच्या कडेला बिबट्याचे ठसे दिसले. एक मोठा पंजा आणि दोन लहान, म्हणजे पिलं घेऊन फिरणारी मादी. तेव्हापासून मला घरात बसवेना. चहा अर्धा टाकून गोठ्यात जायचो, गोठ्यातून बांधावर, बांधावरून परत. मालनबाईची सून सविता बाळंत होऊन दोन महिने झाले होते. तिचं घर पत्र्याचं, आत भट्टी पेटते. म्हणून ती तान्ह्या पोरीला घेऊन पडवीत झोपायची, आणि पडवीला पुढून काही नाही. मालनबाईनं वेल्डरला जाळीचं दार सांगितलंय असं कळलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, दार बसलं की सुटलो. कुणाला काही सांगायला नको.

शुक्रवारी संध्याकाळी संस्कृतीनं अंगणात तालीम केली. मालनबाई आली, सविता पोरीला मांडीवर घेऊन बसली. संस्कृती ताठ उभी राहून बोलायला लागली. तिची बाजू अशी की मित्रावर विसंबावं, घरोघरी बॉम्ब झाले तर जग जळेल. चांगलं बोलत होती. आणि शेवटी म्हणाली, "युरोप कशाला, माझ्या वस्तीचंच उदाहरण घ्या. चार घरांत एकच बंदूक आहे, माझ्या आजोबांची. तिच्या जिवावर चार घरं निर्धास्त झोपतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मालनबाई म्हणाली, पोरी, लाख बोललीस. मी उगंच त्या दाराच्या मागं लागले हुते. परवाच वेल्डरला फोन करून नको म्हनून सांगितलं. दादांची बंदूक असताना जाळी कशाला?

मी उठलो. पुन्हा बसलो. सविताच्या मांडीवर ती पोर मूठ चोखत होती. अजून नावसुद्धा ठेवलं नव्हतं तिचं. उद्या सांगू म्हटलं तर मधली एक रात्र होती, आणि ती पडवी उघडी होती.

आत गेलो, खोळ काढली. अंगणात सगळ्यांसमोर नाडी सोडली आणि पाइप ओढून बाजेवर ठेवला. काळा, तीन हात, एका टोकाला करवतीच्या खुणा. संस्कृतीला वाटलं मी थट्टा करतोय, ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मी ठाणं, दाखला, डोळे, सगळं सांगितलं. सुईचंही सांगितलं.

मला वाटलं मालनबाई शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पाइप हातात घेऊन बघितला आणि परत होता तिथं ठेवला.

"बंदूक गेली तर गेली, दादा," ती म्हणाली. "पन तुमी तवाच सांगितलं असतं, तर मी तवाच दार लावलं असतं."

तिनं सविताला उठवलं. दोघींनी पडवीतली बाज आत ओढली, पोरीचा पाळणा आत नेला. संस्कृतीनं हातातला कागद घडी घालून ठेवला आणि वेल्डरला फोन लावला. तो म्हणाला, लोखंड दुसऱ्याला दिलं, आता चार दिवस लागतील.

मी तसाच बसून राहिलो. पलीकडे आतल्या उकाड्यानं पोर रडायला लागली. मग मालनबाईच्या दाराची कडी आतून लागली. सहा वर्षांत त्या कडीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.