माझे करकरणारे चाक

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या संगणकाला वायरीने बांधलेला. दहा लाख क्लिक सोसेन अशी हमी देऊन कारखान्याने मला बाहेर काढले. त्यातले निम्म्याहून अधिक तुम्ही 'पुढे' या एकाच बटणावर उधळलेत. म्हणून माझे डावे बटण झिजून गुळगुळीत झाले आहे आणि वाचता वाचता खाली सरकायचे चाक करकरते. तुमची वाचनाची गोडी मला चांगली ठाऊक आहे!

आमच्या ग्रंथपालबाईंनी सहा महिने खपून संगणकावर एक धडा तयार केला होता. अभ्यासासाठी लेख कसा शोधावा, हे तो शिकवी. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला ग्रंथालयाची खरी यादी. लेख सापडल्याशिवाय धडा पुढे सरकत नसे. मुले कुरकुरत, पण शिकत. तेव्हा माझे चाक गरगर फिरे.

मग असे धडे बनवायला नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले आणि समिती बसली. पाच जण, पाचही उंटावरचे शहाणे. एकानेही इथे कधी पुस्तक शोधले नव्हते. विक्रेत्याने नमुन्याचा धडा दाखवला. त्यात घुबड नाचे, उत्तर बरोबर आले की टाळ्या, चुकले तरी टाळ्या आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र. उथळ पाण्याला खळखळाट फार!

"आधी कुणाला तरी बसवून बघू या," बाई म्हणाल्या. पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली. घुबडाचा धडा तिने चार मिनिटांत उरकला. एकतीस वेळा 'पुढे'. पण बाईंनी एक लेख शोधायला सांगितला, तर तिला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. मग ती बाईंच्या धड्याशी वीस मिनिटे झगडली आणि ओरडली, "सापडला!"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. "वीस मिनिटं? कुणाला वेळ आहे एवढा? आणि यात माझ्या सहीला जागा कुठाय?"

घुबडाच्या प्रमाणपत्रावर ती ऐसपैस होती. झाले, घुबड निवडले गेले. बाईंचा धडा सत्र संपताच पुसायचे ठरले. मला फार वाईट वाटले. त्यानंतर माझ्या चाकात धूळ साचत गेली.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात अध्यक्ष स्वतः आले. त्यांना भाषणासाठी एक लेख हवा होता. ऐटीत बसून त्यांनी मला एकतीस वेळा बडवले आणि स्वतःच्याच सहीचे प्रमाणपत्र पटकावले. पण लेख शोधायला सुरुवात कुठून करायची, ते त्यांनाही कळेना.

"बाई, तो लेख जरा शोधून द्या ना."

"साहेब, आता तर तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे." बाईंनी शेजारी खुर्ची ओढली आणि आपला धडा उघडला. "बसा. वीस मिनिटं लागतील."

माझे चाक करकरले, अडले आणि मग फिरू लागले. साहेबांना पन्नास मिनिटे लागली. धडा पुसण्याचा विषय नंतर कुणी काढला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण 'पुढे' दाबण्याआधी माझे चाक एकदा तरी फिरवा. साहेबांना जमले, तुम्हालाही जमेल.