रखमाजीच्या थोरल्याचं नाव

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. सरकारी कागदावर मला ‘कृष्णधवल दूरचित्रवाणी संच’ असं भारदस्त नाव होतं, पण ते कुणी कधी उच्चारलं नाही. अंबड तालुक्यातल्या एका लहानशा गावी, ग्रामपंचायतीच्या खोलीत, लाकडी कपाटात मी पडून असतो. कपाटाचं एक दार निखळलं आहे. माझी बटणं पोरांनी केव्हाच उपटून नेली. त्याचं मला फारसं दुःख नाही. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे.

जालना जिल्हा नवा नवा झाला होता, तेव्हा मी गावात आलो. एसटीच्या टपावर, गोधडीत गुंडाळून. बायांनी मला हळदकुंकू लावलं, माझ्यापुढे नारळ फुटला, आणि मी उगाच फुगलो. माझ्या कपाटाची किल्ली काकासाहेबांच्या कमरेला असायची. ते तेव्हा सरपंच होते. तरणे, बोलके, शब्दाला वजन असलेले. काकासाहेब हसले की गाव हसायचं, आणि ते गप्प बसले की गावही गप्प.

गावात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून मला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवत. ती जड बॅटरी खांद्यावरून आणायची, जोडायची, मग पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, ही सगळी उस्तवार एकच माणूस करायचा. गाव त्याला ‘रखमाजीचा थोरला’ म्हणायचं. आमच्याकडे तशीच रीत आहे, बाप कर्ता असेपर्यंत पोराला बापाच्याच नावानं ओळखतात. या थोरल्याची जीभ अडखळायची. पहिलं अक्षर तोंडातून निघता निघत नसे. पण माणूस उमदा होता. मी नीट दिसलो की त्यालाच कोण आनंद व्हायचा. खरं सांगायचं तर माझ्यावर माया केली ती त्यानंच.

अशात दिल्लीहून एक विनोदी मालिका सुरू झाली. उंच इमारतीत राहणारी साहेबमंडळी, त्यांचे रुसवेफुगवे आणि फाडफाड हिंदी. आमच्या गावाला त्यातलं ओ का ठो कळत नसे. पण त्या मालिकेत मधूनमधून पुष्कळ माणसं एकदम हसल्याचा आवाज यायचा. तो आवाज आधीच भरून ठेवलेला असतो, हे गावाला काय ठाऊक! दिल्लीत लोक आपल्यासारखेच टीव्हीपुढे बसलेत आणि तेच हसताहेत, अशी सगळ्यांची समजूत. मग आपण अडाणी दिसू नये म्हणून आमची मंडळीही हसायची. दिल्ली हसली की काकासाहेब हसत, आणि काकासाहेब हसले की गाव.

त्या मालिकेत टुल्लू नावाचा एक नोकर होता. तो बोलताना अडखळायचा, आणि दिल्ली सगळ्यात जास्त त्यालाच हसायची. एवढा एक विनोद मात्र गावाला समजला.

एका संध्याकाळी वारा सुटला होता आणि माझ्या काचेवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. रखमाजीचा थोरला पत्र्यावर चढून अँटेना फिरवत होता. फिरवता फिरवता चित्र लागलं, त्यात नेमका टुल्लू, “सा... सा... साहब” करत उभा. आणि त्याच वेळी वरून हाक आली, “दि... दि... दिसून राह्यलं का?”

दिल्ली हसली. काकासाहेबांनी वर बोट केलं आणि म्हणाले, “आरं, आपला टुल्लू तर पत्र्यावर बसला हाये.”

सारं अंगण हसून लोटपोट झालं. आणि मित्रांनो, वर बसलेला तो भला माणूसही हसला. त्याला वाटलं, चित्र फार छान लागलं म्हणून माणसं हसताहेत. वारा जोराचा होता. माझा कार्यक्रम संपेपर्यंत तो अँटेनाची काठी घट्ट धरून तिथेच बसून राहिला.

मालिका लवकरच बंद पडली. तिच्या जागी एके दिवशी कपाशीवरच्या किडीची माहिती लागली आणि तीच गावाला जास्त आवडली. मालिकेची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. पण टुल्लू राहिला. चहाच्या टपरीवर टुल्लू, बाजारात टुल्लू, एसटीचा कंडक्टरही टुल्लू म्हणूनच हाक मारायचा. पोरं शिडीखाली उभी राहून त्याच्यासारखं बोलून दाखवायची. एक दिवस त्यानं बॅटरी आणून जोडली आणि पत्र्यावर न चढताच निघून गेला. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही. पुढे त्यानं चारचौघांत बोलणंच टाकलं. मान हलवून हो, मान हलवून नाही.

गावात घरोघर रंगीत टीव्ही आले. रखमाजी वारले, त्यांच्याबरोबर त्यांच्या थोरल्याची जुनी ओळखही गेली. त्याची बहीण झुंबरबाई विधवा होऊन लेकीला घेऊन माहेरी आली होती. त्या लेकीला, बेबीनंदाला, यानंच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही.

त्या बेबीनंदाचं लग्न माझ्यासमोरच लागलं. मांडव ग्रामपंचायतीपुढे होता आणि नवरीला माझ्याच खोलीत बसवलं होतं. शेजारी मामा उभा. नवं धोतर, डोक्याला फेटा. भाचीला हाताला धरून मांडवात न्यायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान असतो. आयुष्यभरात त्याला मिळणारा तेवढाच एक मान होता.

बाहेर माईक काकासाहेबांच्या हातात होता. केस पिकले तरी गावातल्या प्रत्येक लग्नात पुकारा तेच करत. त्यांनी कर्ण्यावरून पुकारलं, “नवरीचे मामा, टुल्लूमामा, नवरीला घेऊन या.”

मामा निघाला. बेबीनंदा मात्र जागची हलली नाही. ती आईला म्हणाली, “मामाला नावानं बोलवा म्हणावं. मंग उठते मी.”

झुंबरबाईनं दारातून तसा निरोप दिला. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, टुल्लू हे कसलं नाव? तेव्हा आमच्या गावकऱ्यांना जुनी गंमत सांगायची हुक्की आली. टीव्हीवर एक नाटक लागायचं, त्यात एक नोकर होता. कोणतं नाटक? नाव काही आठवेना. एक म्हणे रविवारी लागायचं, दुसरा म्हणे बुधवारी. कुणी म्हणे त्यात भाडेकरू होते, कुणी म्हणे डॉक्टर. शेवटी दोघंतिघं एकदम म्हणाले, तसं काही खास नव्हतं ते.

“आस्सं,” म्हातारा म्हणाला. “आन् मामाचं खरं नाव काय?”

कुणी म्हणालं रखमाजीचा थोरला. त्यापुढे एकाचीही गाडी जाईना. भटजी घड्याळाकडे बघू लागले. सगळ्यांनी झुंबरबाईकडे पाहिलं.

ती म्हणाली, “मी न्हाई सांगणार. त्यो तुमच्यातच राह्यला हाये.”

मित्रांनो, मलाही ते नाव ठाऊक नव्हतं. ज्याच्या खांद्यावरच्या बॅटरीवर मी इतकी वर्षं मिरवलो, त्याचं नाव मी एकदाही ऐकून ठेवलं नव्हतं. त्या क्षणी कपाटाचं निखळलेलं दार परत लागावं आणि मला कुणी बघू नये, असं वाटलं.

काकासाहेब माईकसकट खोलीच्या दाराशी आले. त्यांची मान वर होत नव्हती. ते म्हणाले, “चुकलो मामा. तुमचं नाव सांगता का?”

इतक्या वर्षांत त्यांनी त्याला ‘तुम्ही’ म्हटलं ते पहिल्यांदाच. त्यांच्या हातातला माईक चालूच होता.

मामाचे ओठ हलले. “भ...” एवढंच कर्ण्यावर गेलं. पुन्हा “भ... भ...” गळ्याच्या शिरा फुगल्या. कपाळावर घाम आला. मांडवात एवढी माणसं होती, पण कुणी हसलं नाही. काकासाहेब मध्ये बोलले नाहीत, त्याला शब्द पुरवला नाही, माईक तेवढा धरून उभे राहिले. मुहूर्त टळू लागला तरी भटजींनी घाई केली नाही.

“भु... भुजंग,” तो म्हणाला. “भुजंग रखमाजी.”

काकासाहेबांनी ते नाव कर्ण्यावरून पुकारलं. बेबीनंदा उठली आणि भुजंगमामानं तिचा हात धरला.

मित्रांनो, मला भंगारात दिलंत तरी माझी तक्रार नाही. यंत्राचं काय, एक जातं, दुसरं येतं. पण तुमच्याही गल्लीत, तुमच्याही वर्गात असा एखादा असेल, ज्याला तुम्ही हसता हसता दुसरंच नाव देऊन टाकलं आहे. त्याच्याकडे जा. त्याला त्याचं नाव विचारा. आणि तो सांगेपर्यंत थांबा.