दयेची चाचणी

श्रीपादने पितळी अडकित्ता पायाशेजारी पाडला आणि ठरल्याप्रमाणे कळवळून ओरडला.

मंजुळा धावली. तिने त्याच्या पायाचा अंगठा दोन्ही हातांत धरला.

"जास्त लागलं का, काका?"

नीला जागची हलली नाही. श्रीपादने घड्याळ पाहिले आणि वहीत नोंद केली.

दोघी नऊ वर्षांच्या जुळ्या, चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या जनीच्या. बाळंतपणाच्याच महिन्यात जनीचा नवरा खाडीत बुडाला, तेव्हा सुमती आणि प्रभाकर या नवराबायकोने नीलेला नौपाड्यातल्या आपल्या घरी आणले; मंजुळा आईकडेच राहिली, आज फक्त चाचणीसाठी तिला बोलावले होते. सत्तेचाळीस साली उदारपणाची हवाच होती. गेल्या महिन्यात सुमतीचे सासरे वारले, नीलेच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही, आणि घराला एकाएकी रक्त आठवले.

"श्रीपाद मानसशास्त्राचा डॉक्टर आहे," प्रभाकर म्हणाले होते. "आपला भाऊच तो, बघेल. पोर मूळचीच कोरडी निघाली, तर जनीकडे पाठवू."

त्या दिवसापासून सुमतीला घास गोड लागत नव्हता.

"भाऊजी, रक्त तर दोघींचं एकच ना?" तिने विचारले.

"एकच. पण एकीत उतरतं, एकीत उतरत नाही. शास्त्र आहे, वहिनी." तो नीलेकडे वळला. "काय गं, मी एवढा ओरडलो, तू उठली का नाहीस?"

"कोणी ओरडलं तरी जवळ जायचं नसतं."

"हे कुठलं शहाणपण?"

"आजोबा पाण्यासाठी ओरडायचे, तेव्हा मी भांडं घेऊन उठले होते. तर मला सांगितलं, तू शिवू नकोस, तुझ्या हातचं त्यांना चालत नाही. मग ते ओरडले की मी कान झाकून जिन्यात बसायचे."

"कोणी सांगितलं?"

सुमतीने पदराचे टोक मुठीत आवळले. नीलेने एकवार तिच्याकडे पाहिले, मग फरशीकडे.

"आठवत नाही, काका."

"बघा, स्मरणशक्तीही बेताचीच." श्रीपादने नीलेच्या नावापुढे शून्य घातले आणि खाली नीटस रेघ ओढली.

"मी सांगितलं होतं," सुमती म्हणाली.

"वहिनी, चाचणी तुमची नाही."

"घ्या ना माझीही," ती म्हणाली, आणि नीलेला लागून फरशीवर बसली.