घशातली झडप

दादाला अर्धांगाचा झटका येऊन सहा महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्याला तीनदा न्यूमोनिया झाला. तिन्ही वेळा छातीचा एक्स-रे त्याच्या धाकट्या बहिणीनंच काढला. रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात ती एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होती. तिसऱ्या खेपेला तिनं तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पांढरा डाग दर वेळी उजव्या फुप्फुसाच्या तळाशी, त्याच जागी.

फोटोत डाग दिसतो, तो कशानं पडला ते दिसत नाही. खाल्लंप्यालेलं फुप्फुसात उतरतंय का, अशी तिला शंका होती; त्यासाठी गिळतानाचा हलता एक्स-रे बघावा लागतो. विभागाच्या डॉक्टरीणबाईंना गाठून तिनं मंगळवारची वेळ घेतली.

वहिनीला हे पटत नव्हतं. त्यांना ठसका लागत नाही, खोकला नाही, मी स्वतः चमच्याचमच्यानं भरवते, आणखी काय बघायचंय, असं तिचं म्हणणं. झटका आल्यापासून तिनं एक घोटही दुसऱ्या कुणाला पाजू दिला नव्हता. दादा तर तपासण्यांना पार विटला होता. जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस. आता आपल्यालाच उचलून इकडचं तिकडं ठेवतात, याची त्याला चीड यायची.

मंगळवारी त्याला यंत्राकडे एक बाजू करून बसवलं. बहिणीनं वहिनीच्या अंगावर शिशाचा एप्रन चढवला. पडद्यावर दादाचा जबडा, मानेचे मणके, घसा उमटला. एक्स-रेत दिसावं म्हणून बेरियमची भुकटी कालवलेलं पाणी वहिनीनंच त्याच्या तोंडात घातलं. काळी धार जिभेवरून मागं सरकली, जराशी थबकली आणि दुभंगली. थोडी अन्ननलिकेत गेली. उरलेली सरळ श्वासनलिकेत उतरली. दादा शांत बसून होता. साधा खाकरलाही नाही.

वहिनी चमचा हातात धरून पडद्याकडे बघत राहिली.

“म्हणजे इतके दिवस मीच...” एवढंच ती म्हणाली.

“वहिनी, त्याचा घसा बधिर झालाय. त्याचं त्याला कळत नव्हतं, तर तुला कसं कळणार?”

मग डॉक्टरीणबाईंनी हनुवटी छातीला टेकवायला लावून दाट मिश्रण देऊन पाहिलं. ते सगळं नीट खाली गेलं. यापुढं पाणी, चहा, दूध, काहीच पातळ नको, सगळं दाट करून द्यायचं, असं त्या वहिनीला समजावू लागल्या. इतक्यात दादानं डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवला आणि पडद्याकडे बोट केलं. त्याच्याविषयी बोलणं चाललं होतं आणि त्यालाच कुणी काही दाखवलं नव्हतं.

बहिणीनं त्याची खुर्ची वळवली, पहिल्या घोटाचं चित्रण अगदी संथ करून लावलं. त्यानं ते तीनदा बघितलं.

“झडप बसत नाहीये,” तो जड जिभेनं म्हणाला. “बदलून मिळते?”

“नाही रे दादा.”

त्याचा अर्धा चेहरा हसला. मग तो वहिनीकडे वळला. “आता मी मागितलं तरी पाणी देऊ नकोस.”

त्यानंतर दोन दिवस वहिनी चमच्याला शिवली नाही. तिचा हातच उठेना. कामावरून सुटल्यावर बहीण यायची आणि भरवायची. तिसऱ्या दिवशी दादानं तिच्यापुढं ओठ घट्ट मिटून घेतले. हनुवटी छातीला टेकवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून बसला. वाटीतलं निवत चाललं. बऱ्याच वेळानं वहिनी आली, नणंदेच्या हातून वाटी घेतली आणि त्याच्यासमोर बसली. त्यानं तोंड उघडलं.

पुढं उन्हाळ्यात त्यानं पाणी मागितलंच, एकदा नव्हे, अनेकदा. एकदा तर हात जोडले. वहिनीनं दिलं नाही. ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसले आणि शेजारच्या खोलीत जाऊन रडली.

न्यूमोनिया पुन्हा झाला नाही. अडीच वर्षांनी, एका दुपारी, खुर्चीत बसल्याबसल्या त्याचं हृदय थांबलं. तेव्हा दोघीही घरात होत्या.