देवाच्या चेहऱ्यावरचे ठिपके

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भूमिदेवाचं देऊळ आहे. ताओयुआन शहरात अशी देवळं पावलोपावली आहेत, पण दारावर एवढा मोठा, टीव्हीसारखा पडदा आमच्याच देवळाला. तो देवस्थानाचे अध्यक्ष ल्याओ यांनी दिला. त्यांचा बाथरूमच्या फरश्यांचा धंदा आहे, आणि आपण दिलेली वस्तू लांबूनही दिसावी असं त्यांना वाटतं. पडद्यावर दिवसभर देवाचा चेहरा असायचा, पांढरी दाढी, मागे संथ सरकणारे ढग. स्कूटरवाले सिग्नलला थांबले की तिथूनच हात जोडून पुढे जायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर देवाच्या दाढीत हिरवे ठिपके दिसायला लागले. मग ते गालांवर चढले आणि आठवड्याभरात कपाळावर पोचले. कोपऱ्यावरच्या नूडलवाल्यानं कपाळावरचे ठिपके मोजले आणि तेवढ्याच आकड्यावर लॉटरी लावली. बक्षीस किरकोळ लागलं, पण लागलं. दुसऱ्या दिवशी देवळासमोर माणसं कागद-पेन्सिल घेऊन उभी होती. तिसऱ्या दिवशी घडीच्या खुर्च्या आल्या. कुणी ठिपके उजवीकडून मोजी, कुणी डावीकडून. एक म्हातारे गृहस्थ पाठ करून उभे राहायचे आणि छोट्या आरशात बघून आकडा काढायचे, कारण देव सरळ काही सांगत नाही असं त्यांचं मत होतं.

बी-श्याला हा प्रकार बघवत नव्हता. ती कॉम्प्युटरचं चित्र पडद्यावर आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली. सरकत्या पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला तिची जागा होती. समोर पडदा, पडद्यावर रंग, आणि रंगात कुठे काही खोट दिसली की त्या कार्डावर खूण करायची, एवढं काम तिनं उभा जन्म केलं. त्यामुळे देवाच्या गालावरचा पहिला ठिपका तिला रस्त्याच्या पलीकडून ओळखू आला होता. आजारी कार्ड असं समोर चालू ठेवलेलं बघणं तिला जड जाई. ती देवळावरून जाताना मान वळवायची.

तिचा नवरा चिन-शू मात्र पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसायचा.

"देवाला काही झालेलं नाही," तिनं त्याला घरी सांगितलं. "आतलं कार्ड मरायला टेकलंय."

"हळू बोल. डाव्या गालावर सहा आहे का नऊ, तेवढं सांग."

"ती मेमरीची चिप आहे."

"म्हणजे सहा?"



मग एके दिवशी सकाळी देवळाचे राखणदार फाकाका तिच्या दारात आले. फाकाका कुणाच्या घरी कधी जात नसत. देवळातच राहायचे, तिथेच भात शिजवायचे. त्यांनी आधी हवेबद्दल बोलून घेतलं, मग चिन-शूच्या गुडघ्याबद्दल, आणि शेवटी म्हणाले की खोलीत जळकट वास येतोय. ती खोली म्हणजे देवळाच्या बाजूची कोठी. पडदा चालवणारा कॉम्प्युटर तिथे ठेवलेला होता, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना, पितरांसाठी जाळायच्या कागदी नोटांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते.

"काका, तो आत्ता चालू आहे?"

"चालू आहे. बंद केला तर बाहेरचे लोक मला मारतील."

बी-श्या त्यांच्याबरोबर गेली, कोठीत वाकून वास घेतला आणि तडक अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांनी तिला चहा दिला. त्यांचं म्हणणं असं की देऊळ बांधल्यापासून एवढी गर्दी झाली नव्हती, आणि देवानं स्वतःहून काही सुरू केलं असेल तर माणसानं मध्ये पडू नये. बी-श्या म्हणाली की देऊळ जळालं तर याहून मोठी गर्दी होईल. अध्यक्षांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि ठरवलं की देवालाच कौल लावू.

कौल लावायला सगळी खुर्चीवाली मंडळी आत आली. कौल लावायचे लाकडाचे दोन अर्धचंद्र, एका बाजूनं सपाट, एका बाजूनं फुगीर, अध्यक्षांनी ओंजळीत घेतले आणि मोठ्यानं विचारलं की पडदा आहे तसाच ठेवावा, गर्दी अशीच वाढावी आणि देवस्थानाची भरभराट व्हावी, हे देवाला मान्य आहे ना. दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले. देव हसला. म्हणजे होही नाही, नाहीही नाही. त्यांनी पुन्हा टाकले. देव पुन्हा हसला.

फाकाका मागून म्हणाले की एका वेळी एकच विचारायचं असतं.

अध्यक्षांनी तुकडे बी-श्याच्या हातात दिले, बहुधा तिचंही हसं व्हावं म्हणून. ती गुडघ्यावर बसली. तिनं देवाला नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि म्हणाली, "खोलीत जळकट वास येतोय. कार्ड बदलू का?"

एक तुकडा उपडा पडला, एक उताणा, म्हणजे हो. तीनदा टाकले, तीनही वेळा तसंच. चिन-शूनं तेवढ्यातही कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

नवं कार्ड बी-श्याकडे होतं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं तिला एक कार्ड भेट दिलं होतं आणि ते खोक्यासकट कपाटावर पडून होतं. ते घेऊन ती कोठीत आली, फाकाकांनी दारात टॉर्च धरला, अध्यक्ष त्यांच्या मागे, बाकी मंडळी त्यांच्या मागे. कागदी नोटांचे गठ्ठे आधीच बाहेर हलवले होते. तिनं कॉम्प्युटर नीट बंद केला, भिंतीतून प्लग ओढला, आणि आत उरलीसुरली वीज असते ती जावी म्हणून चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. मग कॉम्प्युटरच्या पेटीच्या उघड्या पत्र्यावर हात टेकवला, अंगातली वीज तिथे उतरावी म्हणून. कारखान्यात त्यासाठी मनगटाला तार बांधायचे. बाजूचं झाकण काढलं.

आत राख होती. कित्येक वर्षांच्या उदबत्त्यांची राख पंख्यांनी ओढून घेतली होती आणि कार्डाचा पंखा राखेत रुतून बसला होता. बी-श्यानं ब्रश मागितला. फाकाका म्हणाले की थांब, ही देवाची राख आहे. ते लाल कागद घेऊन आले. ब्रशनं सुटलेली सगळी राख त्या कागदावर गोळा केली, पुडी बांधली आणि देवापुढे नेऊन ठेवली. याला बराच वेळ लागला, पण कुणी कुरकुर केली नाही.

मग तिनं पडद्याची केबल काढली, कार्डाला वीज देणारी तार काढली, कडेचे स्क्रू काढले, कार्ड दोन्ही कडांना धरलं आणि ओढलं. ते आलं नाही. तिनं जरा जोर लावला. खालचा मोठा बोर्ड किंचित वाकला. तिनं हात मागे घेतला.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

बी-श्यानं ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "मी आयुष्यात कधी कार्ड लावलेलं नाही. काढलेलंही नाही. माझ्यासमोर यायचं ते लावूनच यायचं. मी फक्त बघायचे."

ही बातमी दारातून मागे मागे सरकत रस्त्यापर्यंत गेली. अध्यक्ष म्हणाले की म्हणजे देवानं कौल उगाच दिला. फाकाका म्हणाले की देवानं बदलायचा कौल दिलाय, कुणी बदलायचं ते विचारलंच नव्हतं.

कारखान्यात कार्डं लावायची ती सू-छिन. पट्ट्यावर बी-श्याच्या अलीकडची जागा तिची. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या, एकाच स्कूटरवर घरी जायच्या. मग कारखान्यात यंत्राचा हात आला, सू-छिनची जागा गेली, बी-श्याची राहिली. निरोपाच्या दिवशी बी-श्यानं सांगितलं होतं की रविवारी फोन करते. त्या रविवारी तिला काय बोलावं सुचलं नाही. पुढच्या रविवारी आणखीच अवघड वाटलं. असे बरेच रविवार गेले.

तिनं कोठीच्या मागच्या दारात जाऊन फोन लावला.

"सू-छिन, मी बी-श्या."

पलीकडे तव्यावर काहीतरी चरचरत होतं. "बोल."

"कार्ड बाहेर येत नाहीये."

चरचर थांबली. "शेपटाकडे खाचेला एक खटका असतो. तो दाबलास?"

"कसला खटका?"

"इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी उभी राहून दर कार्डाला तो दाबत होते," सू-छिन म्हणाली. "तू कधी मान वळवून बघितलं नाहीस?"

"माझी नजर पडद्यावर असायची."

"माहीत आहे मला. ओढू नकोस आता, खाच उखडेल. कुठे आहेस?"

ती आली तेव्हा अंगावर नाश्त्याच्या गाडीचा एप्रन तसाच होता आणि हाताला कांद्याच्या पातीचा वास येत होता. कोणाशी न बोलता तिनं देवळाच्या नळावर साबणानं हात धुतले, कोरडे पुसले, पत्र्याला टेकवले. मग नवं कार्ड पेटीवर आडवं धरून ते आत मावेल का ते बघितलं, आणि पॉवर सप्लायवरचं लेबल फाकाकांच्या टॉर्चच्या उजेडात वाचलं, एवढी वीज त्याला झेपेल का म्हणून. झेपणार होती. तिनं शेपटाचा खटका बोटानं दाबला आणि जुनं कार्ड वर उचललं. ते चिकटलेलं पान सुटावं तसं सुटलं. नवं कार्ड तिनं कडांना धरलं, सोनेरी दातांना बोट लागू दिलं नाही, आणि खाचेवर सरळ ठेवून दोन्ही टोकांना सारखं दाबलं. टक असा आवाज झाला. बी-श्यानं तो आवाज आजवर लाखो वेळा ऐकला होता, पण तो कशाचा असतो हे तिला आत्ता कळलं. तिनं तसं सांगितलं. सू-छिन म्हणाली, स्क्रू दे.

तारा जोडल्या, प्लग लावला, बटण दाबलं. पंखे फिरले. बाहेरचा पडदा काळाच राहिला.

 अध्यक्ष देवाकडे वळून पुटपुटायला लागले. सू-छिननं बी-श्याकडे पाहिलं. "बघणं तुझं काम."

बी-श्यानं सगळं पुन्हा बंद करायला लावलं. मग पेटीमागे जाऊन एकेक तार बोटानं तपासली. पडद्याची केबल जुन्या जागी परत लावायचं काम फाकाकांनी मदत म्हणून केलं होतं, आणि ती कार्डाऐवजी वरच्या, बोर्डाच्याच भोकात बसली होती. ती तिनं खाली कार्डात लावली.

देव उगवला. दाढी पांढरी, गाल गुलाबी, ढग स्वच्छ. कपाळावर काही नाही. बी-श्या रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून बराच वेळ बघत राहिली, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मग मान डोलावली. सू-छिननं ते आतून बघितलं आणि एप्रनला हात पुसले. यंत्र न बिघडता चालत राहावं म्हणून इथे त्यावर ठेवतात तसली मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी फाकाकांनी आणून पेटीवर ठेवली. तिची तारीख उलटलेली होती म्हणून सू-छिननं त्यांना दुसरी आणायला पाठवलं.

खुर्चीवाले आठवडाभर आले. ढगांत आकडे शोधून पाहिले, मग दोन गल्ल्या पलीकडे एका वडाच्या बुंध्यावर गाठ आली आहे असं कळल्यावर खुर्च्या घेऊन तिकडे गेले. चिन-शूही गेला. फक्त एक आजीबाई अजून येतात. देव आजारी होता तेव्हा त्या रोज त्याच्यासाठी संत्री ठेवायच्या. आता देव बरा झाला आहे, पण त्या म्हणतात, आजारपणानंतर काही दिवस खायला द्यावं लागतं. अध्यक्षांनी जुनं कार्ड काचेच्या पेटीत ठेवायची सूचना मांडली होती. तिला बैठकीत कुणी अनुमोदन दिलं नाही.

बी-श्या आता सकाळी सू-छिनच्या गाडीवर असते. सू-छिन तव्यावर अंड्याची पोळी उलटते, गुंडाळते, कापते. बी-श्या पुडीत भरायच्या आधी ती उजेडात धरून बघते, आणि कधी एखादी परत करते. गिऱ्हाइकं खोळंबतात. सू-छिननं तिला कामाला ठेवलंय का, असं मी एकदा विचारलं. सू-छिन म्हणाली, "नाही. ती उभी राहते."

त्यावर बी-श्यानं माझी पोळी परत तव्याकडे सरकवली.