सेनापतींच्या कोटाची बटणं

पैज लागली ती इस्त्रीच्या टेबलापाशी, आणि लागली ती थेट मिशीवर.

देशाच्या नव्या नोटेवर कुणाचा चेहरा छापायचा, हे यंदा बँकेनं लोकांनाच विचारलं होतं. नावं दोन उरली होती. एक जुने सेनापती, ज्यांच्या मिशा म्हणे पाठीमागनंसुद्धा दिसायच्या. दुसरी एक नावाडीण, जिनं पुरात होडी घालून अख्खं गाव पैलतीराला नेलं होतं. फोनवरून मत द्यायचं, जास्त मतं त्याचा चेहरा.

गल्लीतल्या लेडीज टेलरला यात शंकाच नव्हती. त्याच्या मिशा सेनापतींच्या तोडीस तोड. गल्ली त्याला मिशाळराव म्हणायची आणि तो खुशीत ओ द्यायचा. त्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा नोटांच्या छापखान्यात चेहरे कोरायचे. ते म्हणाले होते की केसाळ चेहरा असला की बरं पडतं, एकेक केस उतरवताना खोट्या नोटावाल्यांच्या तोंडाला फेस येतो. झालं. मिशाळराव तरातरा समोरच्या इस्त्रीवाल्या वहिनींकडे गेला आणि जाहीर करून मोकळा झाला, की नोटेवर मिशीच येणार.

वहिनींनी इस्त्री उभी केली. "आणि नाही आली तर?"

"तर ही भर चौकात उतरवीन. आली तर तुम्ही कोळशानं मिशी काढून आठवडाभर दुकानात बसायचं."

"बसते की. माझं काय जातंय, धुतली की गेली."

घरी आल्यावर मात्र मिशाळरावाला घाम फुटला. मिशी लग्नाच्या आधीची. बायकोनं त्याचा वरचा ओठ आजवर बघितलेलाच नव्हता. त्याला स्वतःला अंधुक आठवत होता, आणि जेवढा आठवत होता तेवढा काही बरा नव्हता. रुसलेल्या बाळासारखं तोंड दिसायचं. ते बघून बायको हसली तर? एकदा हसली की उरलेला जन्म तिच्यासमोर मान वर करायची सोय नाही.

मग त्यानं ठरवलं, सेनापतींना निवडूनच आणायचं. चार ब्लाउज बाजूला सारले आणि सेनापतींचा कोट शिवायला घेतला. लाल कापड, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांची रांग. शिवून झाल्यावर कोट कडक इस्त्रीला वहिनींकडेच दिला. वहिनींनी कोट टेबलावर पसरला, बटणांकडे बघितलं, परत बघितलं, आणि एक अक्षर न बोलता इतकी झकास इस्त्री केली की कोट आपापला उभा राहिला असता. पैसेही घेतले नाहीत. इथंच त्याला संशय यायला हवा होता.

मिशाळराव कोट चढवून, मिशांना तेल लावून बाजारात खोक्यावर उभा राहिला. काय ते भाषण, काय ती गर्दी. पेपरवाल्यानं फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर ठोकला.

फोटो बघून शहर खिदळलं. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवलेला हात. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते, याची उजवी डावीवर आली होती. सेनापती बाईचा कोट घालून लढाईला निघाले होते. रिक्षावाल्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे सेनापतींना बाईसाहेब म्हणायला लागले. आणि बाईच आणायची तर अस्सल का आणू नये, असं म्हणत लोकांनी धडाधड नावाडणीला मतं टाकली.

निकाल लागला तसा सलूनवाल्यानं खुर्ची चौकात आणून मांडली. वहिनींनी टॉवेलसुद्धा इस्त्री करून आणला. माणसं गच्च्यांवर चढली. मिशाळरावानं डोळे मिटून घेतले. वस्तरा फिरला, अर्धी मिशी मांडीवर पडली, आणि गर्दीतून बायकोचा आवाज आला.

"थांबा जरा."

तिला दया आली असं सगळ्यांना वाटलं, त्यालाही. ती पुढं आली, हनुवटी धरून त्याचं तोंड इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

तो पुटपुटला, "हसून घे एकदाचं. मत कुणाला दिलं होतंस, तेवढं सांग."

"नावाडणीला."

"अगं, घरातलं मत!"

"एवढी वर्षं त्या झुडपाशी संसार केला," बायको म्हणाली. "मागं कोण आहे ते बघायचं होतं मला."

मग ती हसली, पण ज्या हसण्याला तो घाबरून होता ते हे नव्हतं. तिच्या गालांवर लाली चढली होती, आणि ती वहिनींना दिसली, गच्चीवरच्यांनाही दिसली. कुणीतरी शिट्टी मारली. मिशाळरावाचा तो उघडा अर्धा ओठ आपसूक कानापर्यंत फाकला.

"दुसरी बाजू पण काढ रे," तो सलूनवाल्याला म्हणाला, "आणि सावकाश काढ, घाई नाही."