नवलच्या नावाची मूठ

आमचं गाव एरंडोलपासून आत सात किलोमीटर. हायवेवर येऊन सातपुड्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला धुळं, उजव्या हाताला जळगाव. माझा मोठा मुलगा नवल धुळ्याला असतो, धाकटा भटू जळगावला. दोघांनाही यायला बस आहे, दोघांकडे गाडी आहे. तरी दोन वर्षं झाली, दोघं एका दिवशी घरी आलेले नाहीत. लोक विचारतात, शेतीवरून झालं का? मी नाही म्हणते. फोनवरून झालं. फोनवर काही बोलणं होऊन बिनसलं असं नाही. कोणाचा फोन कोणत्या कंपनीचा, यावरून.

नवल धुळ्यात आग्रा रोडला अभयकुमार शेठच्या मोबाइलच्या दुकानात आहे. दुकानात सगळ्या कंपन्यांचे फोन मिळतात, पण प्रत्येक कंपनीचा आपला एक माणूस काउंटरला उभा असतो. नवल अकरा वर्षं एकाच कंपनीचा माणूस आहे. त्या कंपनीचा हिरवा टी-शर्ट तो दुकानात घालतो, घरी घालतो, आणि सासरी लग्नाला गेला तेव्हा कोटाच्या आत घातला होता असं त्याची बायको सांगते. गिऱ्हाईक दारातून आत आलं की नवल आधी त्याच्या खिशाकडे बघतो. चेहरा नंतर.

भटू जळगावला एका मोठ्या ऑफिसात आहे. त्याच्याकडे तो सफरचंदवाला फोन. जेवायला बसला की ताटाशेजारी फोन पालथा ठेवतो, सफरचंद वर. नवल म्हणायचा, उष्टं फळ देवालासुद्धा ठेवत नाहीत आणि हा पाठीवर घेऊन फिरतो. भटू म्हणायचा, दादा, तुझ्या फोनला चार कॅमेरे आहेत पण माणूस एकच दिसतो. असं वर्षानुवर्षं चालायचं. आम्ही हसायचो. बैल आणि ट्रॅक्टरवरून यांचे वडीलही असेच चुलत्यांशी भांडायचे.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवल माझ्या पोटचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा. ती यावलकडे केळीच्या बागेत कामाला होती. ती गेली तेव्हा नवल दीड वर्षाचा होता, आणि त्याचा बाप कुठे निघून गेला ते आजही माहीत नाही. मी त्याला कडेवर घेऊन दोन बस बदलून घरी आणला. त्याच साली श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसली.

कानबाईला आमच्याकडे रोट होतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी. घरातल्या आणि भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे. ते दळून त्यांचे रोट भाजायचे, कानबाईपुढे ठेवायचे आणि मग भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्या माणसाला त्यातला घास देत नाहीत, वेशीबाहेर नेत नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे. म्हणून मूठ कोणाची मोजली आणि कोणाची नाही, याला आमच्यात फार अर्थ आहे.

त्या पहिल्या वर्षी मी सुपात गहू घेऊन बसले होते. माझी जाऊ सुनंदाबाई शेजारी होती. ती म्हणाली, दुसऱ्या कुळाचं पोर आहे, सांभाळ, मोठं कर, पण याची मूठ कशी मोजशील? नवलचे वडील, म्हणजे माझे मालक, ओट्यावरून उठून आत आले. त्यांनी स्वतःच्या हाताने सव्वा मूठ गहू सुपात टाकले आणि म्हणाले, "हाई नवलनी." एवढंच. ते गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती मूठ मी टाकते. सुनंदाबाई दरवर्षी तोंड बाजूला करायची. चाळीस वर्षं.

दोन वर्षांपूर्वीची कानबाई. रोट खाऊन झाले होते, मंडळी ओट्यावर बसली होती. भटूने कानबाईचे फोटो काढले होते आणि ते चुलतभावांना देत होता. तिघांकडे त्याच्याच कंपनीचे फोन. फोनला फोन जवळ नेला की फोटो पलीकडे जायचे, मला गंमतच वाटली. नवलनेही आपला फोन पुढे केला. भटू हसला.

"दादा, हाई रोटनी गत शे," तो म्हणाला. "भाऊबंदलेच भेटस."

फोटोही रोटांसारखे, भाऊबंदांनाच मिळणारे. सगळे हसले. सुनंदाबाई तेवढी हसली नाही, आणि ते मला जास्त लागलं. नवलनेही हसल्यासारखं केलं. पुढे केलेला हात मात्र थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने फोन खिशात टाकला, बायकोला सामान भरायला सांगितलं आणि संध्याकाळच्या आत धुळ्याला निघून गेला.

भटूला मी नंतर म्हटलं, अरे, काय बोललास ते कळलं का? तो म्हणाला, मी फोनविषयी बोललो, माणसाविषयी नाही. खरंच तो फोनविषयीच बोलला होता. नवल आपला सख्खा नाही हे त्याच्या मनात कधी नसतंच, म्हणूनच त्याच्या तोंडून ते गेलं. पण हे नवलला कोणी सांगायचं? भटू सांगत नव्हता. म्हणायचा, एवढ्याशा गोष्टीची माफी मागितली तर ती मोठी होईल.

त्या दिवाळीला भटूने मला सफरचंदवाला फोन आणून दिला. नवलने दिलेला आधीपासून होताच. आता माझ्याकडे दोन झाले. नवल त्याच्या फोनवर फोन करतो, भटू त्याच्या. दोघांची चार्जरं वेगळी. देवळीत एक, चुलीच्या बाजूच्या फळीवर एक. नवल यायचा असला की मी भटूचा फोन गोधड्यांमध्ये ठेवते. भटू यायचा असला की नवलचा. एकदा नवलला गोधड्यांमध्ये तो सापडला. त्याने पुसून परत ठेवला.

दिवसभर घरात मी एकटी. दोन फोन आहेत म्हणून कोणाला वाटेल म्हातारीची चंगळ आहे. नवल रविवारी करतो, भटू बुधवारी. बाकीच्या दिवशी दोन्ही काळे पडून असतात, आणि मी येता-जाता एकदा इकडे बघते, एकदा तिकडे.

यंदा पंचमीच्या दुसऱ्या दिवशी नवलच्या फोनवर मेसेज आला. मला अक्षर उशिरा आलं, बावन्नाव्या वर्षी, संध्याकाळच्या वर्गात. अजून एकेक शब्द बोट ठेवून वाचते. काचेवर बोट ठेवलं की शब्द सरकतात, म्हणून हात मागे बांधून वाचावं लागतं. लिहिलं होतं:

"माय, यंदा माझी मूठ मोजू नको. मी येणार नाही, कोणी विचारायला नको."

मी तीनदा वाचलं. मग त्याला फोन लावला. तो दुकानात होता, गिऱ्हाईक होतं, मागे गाणी वाजत होती. नंतर करतो म्हणाला. केला नाही.

भटूला सांगितलं. तो म्हणाला, दादा येणार नसेल तर मी येऊन काय करू, सगळे माझ्याकडेच बघतील. मी म्हटलं, त्याला एकदा म्हण की तुझी मूठ आहे. बस, एवढंच म्हण. तो म्हणाला, बघतो.

गहू मोजायच्या दिवशी सुनंदाबाई आली. मी सूप पुढे घेतलं. आधी तिच्या मालकांची, जीवराम नानांची मूठ टाकली. मग चुलतघरच्या पोरांची, मग भटूची. मग हात गव्हात तसाच राहिला. त्याने स्वतः नको म्हटलं होतं. जिवंत माणसाची मूठ सोडायची म्हणजे काय, हे ज्याने त्याने समजून घ्यावं. सुनंदाबाई माझ्या हाताकडे बघत होती. मी डोळे मिटले आणि सव्वा मूठ टाकली. तिने तोंड बाजूला केलं नाही.

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. चौरंग, नारळ, नथ, गळ्यात माळा. पूर्वी घर माणसांनी भरायचं. आता चुलतघरची पाच-सहा बायामाणसं आली, आरतीपर्यंत थांबली आणि आपल्या घरी गेली. दोघा मुलांना मी एकच विनंती केली होती, यायचं नसेल तर नका येऊ, पण आरतीला फोनवर दर्शन घ्या. दोघांनी ऐकलं. नवलचा फोन मी चौरंगाच्या डाव्या बाजूला तांब्याला टेकवला, भटूचा उजव्या बाजूला समईला. दोघं कानबाईकडे बघत होते. एकाला दुसरा दिसत नव्हता. दोघांनी आरती म्हटली, पण भटूचा आवाज जरा मागून यायचा, त्यामुळे देवीपुढे एकच आरती दोनदा झाल्यासारखी वाटत होती.

आरती संपली. आता दोघं फोन ठेवतील असं वाटलं, तेव्हा मी विचार न करता उठले. दोन्ही फोन उचलले आणि पाटावर वाट्यांना टेकवून समोरासमोर उभे केले, जेवायला बसवतात तसे. आणि आत चुलीपाशी जाऊन बसले.

मग भटूचा आवाज आला. "दादा?"

"हां."

"आवाज ई राहयना का?"

"ई राहयना, ऐकू येतोय," नवल म्हणाला. मग म्हणाला, "तू धूसर दिसतोस."

"मी धूसर? माझा कॅमेरा धूसर दिसूच शकत नाही. तुझी काच पूस."

"माझी काच कालच बदलली. समईचा उजेड पडलाय तुझ्यावर."

"उजेडातच तर तुझ्या कंपनीचं पितळ उघडं पडतं."

मग सुरू झाले. कोणाच्या फोनला रात्रीचं जास्त दिसतं, कोणाची बॅटरी किती टिकते. नवल दुकानातल्यासारखा बोलायला लागला, भटू त्याची नक्कल करायला लागला. मी गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होते. दोन वर्षांनी माझ्या घरात दोघांचे आवाज एका वेळी होते. मी एकाच वाक्याची वाट बघत होते. प्रत्येक वेळी भटू श्वास घ्यायला थांबला की वाटायचं, आता म्हणेल.

तो म्हणाला, "दादा, ते मागचं..." आणि नवल लगेच म्हणाला, "गिऱ्हाईक येतंय, ठेवतो." रविवार होता, शेठचं दुकान रविवारी चारलाच बंद होतं. भटूलाही ते माहीत असणार. तो म्हणाला, बरं.

मी बाहेर आले तेव्हा दोन काळे फोन पाटावर एकमेकांकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी कानबाई नदीला गेली. घरात रोट राहिले. जीवराम नानांचे आणि चुलतघरच्या पोरांचे त्यांनी त्यांनी खाल्ले. भटूच्या नावाचे आणि नवलच्या नावाचे माझ्याकडे. पौर्णिमेला पाच दिवस होते. रोट जाड असतात आणि दुसऱ्या दिवसापासून कडक होतात. मला खालचे दात चार आहेत. दुधात भिजवून सकाळी एक तुकडा, संध्याकाळी एक तुकडा, असे मी भटूचे संपवले. नवलच्या रोटांना हात लावला नाही. वाटत होतं, हायवेला धुळ्याची बस थांबेल.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना सुनंदाबाई आली. तिने डब्याचं झाकण उघडून बघितलं. कोणाचे म्हणून विचारलं नाही. माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"मला एकटीला होणार नाहीत," मी म्हटलं. "नदीला सोडते."

"नदीले कसाले?" ती म्हणाली. "दे अर्धा इकडे. भाऊबंदना शेतस."

तिने गुळाचा खडा मागितला. आम्ही दोघी बसून खात राहिलो. तिचेही दात थोडेच उरलेत, त्यामुळे फार वेळ लागला. चाळीस वर्षांत तिने नवलच्या नावाचा घास तोंडात घातला नव्हता. दळण महाग झालं, म्हैस आटली, असं काहीबाही बोलत राहिली. शेवटचा तुकडा तिनेच उचलला, पदराला हात पुसले आणि गेली.

मी नवलचा फोन घेतला. हे त्याला कळायलाच हवं होतं. बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं: "तुझे रोट सुनंदा काकूने खाल्ले." वाचून बघितलं. असं वाचलं तर त्याला वाटेल काकूने त्याचं ओढून खाल्लं. पुसलं. मग लिहिलं, "काकू म्हणाली, भाऊबंदांचे आहेत." पण ती कशी बसली होती, गुळाचा खडा कसा मागितला, शेवटचा तुकडा कसा उचलला, ते त्यात नव्हतं. फोन लावला. वाजत राहिला. दुकानात गर्दीची वेळ असेल, उद्या राखीपौर्णिमा.

शेवटी मी ती दोन्ही वाक्यं परत लिहिली आणि खाली लिहिलं, "मूठ मी मोजली होती." पाठवलं. दोन बरोबरच्या खुणा उमटल्या. त्याने वाचलं की नाही ते कळत नाही, त्याने फोन तसा करून ठेवला आहे. दुकानातली पोरं शिकवतात म्हणे.

डबा घासून पालथा घातला. अंधार पडला तसे दोन्ही फोन चार्जिंगला लावले, एक देवळीत, एक फळीवर.